नेत्यावर केस झाली की पुरावा कसा बघायचा

कुठल्याही नेत्याला अटक झाली की तासाभरात दोन पोस्ट फिरायला लागतात, एक 'चोर सापडला' आणि दुसरी 'राजकीय सूड', आणि दोन्ही पाठवणाऱ्यांनी केसमधला एक कागद पण बघितलेला नसतो. मला हे फार लागतं कारण नुकसान दोन्हीकडून होतं, ज्याने खरंच पैसे खाल्ले तो सूडाची शिकार म्हणून लोकांच्या मनातून सुटतो, आणि ज्याच्यावर धड पुरावाच नव्हता तो वर्षभर आत बसून आला तरी कायम चोरच राहतो. म्हणून सगळं एका जागी लिहितोय. वकील असायची गरज नाही, थोडा वेळ काढून वाचायची तयारी पाहिजे.

सगळ्यात आधी दोन प्रश्न वेगळे करा. केसमागे राजकारण आहे का हा एक प्रश्न, आणि केसमध्ये दम आहे का हा दुसरा. आपण काय करतो, पहिल्याचं उत्तर हो आलं की दुसऱ्याचं नाही असं धरून चालतो. तसं नसतं. लालूप्रसाद यादवांनी चारा घोटाळ्यात कायम सांगितलं की हे विरोधकांचं कारस्थान आहे, आणि त्यांच्या पडण्याने विरोधकांचा फायदा झाला हे तर उघडच आहे, पण केस उभी होती ट्रेझरीतून निघालेल्या बिलांवर. जनावरं वाहून नेल्याची जी बिलं होती त्यातले काही गाडी नंबर चक्क स्कूटरचे निघाले, हे कागदावर होतं, त्याला कुणाच्या हेतूशी काही देणंघेणं नाही. शिवाय १९९७ मध्ये चार्जशीट झाली तेव्हा केंद्रात संयुक्त आघाडीचं सरकार होतं आणि त्यात लालूंचाच जनता दल मुख्य पक्ष होता. २०१३ मध्ये शिक्षा लागली. म्हणजे हेतू काहीही असला तरी कागद वेगळा तपासायला लागतो, आणि आधी कागदच तपासायचा, हेतू नंतर.

आता केस कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा, कारण बातमीत 'आरोप सिद्ध', 'ठपका', 'दोषी' हे शब्द कसेही वापरतात. एफआयआर म्हणजे फक्त तक्रार नोंदली गेली, ती कुणीही देऊ शकतो. अटकेला तपास यंत्रणेला वाटलं एवढं कारण पुरतं. चार्जशीट ही तपास करणाऱ्याची बाजू, दुसऱ्या बाजूने अजून तोंड पण उघडलेलं नसतं. आरोप निश्चिती झाली म्हणजे कोर्टाला वरवर बघता केस चालवण्यासारखी वाटली, बास, त्याच्या पलीकडे काही नाही. खरी परीक्षा त्यानंतर, साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि समोरचा वकील उलटतपासणी घेतो तेव्हा, आणि नेमकी त्याच वेळी टीव्हीवाले गायब झालेले असतात कारण तोपर्यंत पाचसात वर्षं गेलेली असतात.

कागद कुठून मिळवायचे? एफआयआर ऑनलाईन असतो, २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार २४ तासात वेबसाईटवर टाकायला लागतो, संवेदनशील गुन्हे सोडून. ईडीचा जो ईसीआयआर असतो, म्हणजे एफआयआरसारखी त्यांची केसची नोंद, तो मात्र मिळणार नाही, तो आरोपीला पण द्यायची सक्ती नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय. चार्जशीट पण वेबसाईटवर टाकत नाहीत, २०२३ मध्ये तशी मागणी कोर्टाने फेटाळली. त्यामुळे चार्जशीटमधली म्हणून जी पानं टीव्हीवर दिसतात ती कुणीतरी निवडून दिलेली असतात, ही गोष्ट कायम लक्षात ठेवा, कुणी दिली आणि बाकीची पानं का नाही दिली हा प्रश्न तिथेच विचारायचा. आपल्यासारख्यांना सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे जामिनाची ऑर्डर, ती हायकोर्टाच्या साईटवर फुकट मिळते, आणि त्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं एका जागी वाचायला मिळतं. दुसरा कागद नेत्याचं निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र, फॉर्म २६, त्यात त्याने स्वतः लिहून दिलेलं असतं की कुठल्या कलमाखाली केसेस आहेत आणि कशात आरोप निश्चित झालेत. आपल्या आमदाराचं हे पान एकदा तरी वाचा.

आता मुख्य काम, पुराव्याचे प्रकार वेगळे करायचे. एक कोरा कागद घ्या, बातमीत किंवा ऑर्डरमध्ये जेवढे पुरावे सांगितलेत ते एकेका ओळीत लिहा आणि प्रत्येकापुढे लिहा की हे कुणी सांगितलं, त्याने स्वतः बघितलं का ऐकलं, आणि त्याला सांगण्यात काय फायदा होता. एवढं केलं तरी अर्धी केस डोळ्यासमोर येते.

जबाब असेल तर कुणासमोर दिलाय ते बघा. पोलिसांसमोर दिलेला जबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, साक्षीदार नंतर फिरला तर ते दाखवायला फक्त कामाला येतो, आणि पोलिसांपुढची कबुली तर चालतच नाही. 'आरोपीने पोलिसांसमोर कबूल केलं' ही बातमी म्हणून मोठी असते, कोर्टात तिचं वजन शून्य. मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब जास्त वजनाचा. ईडीसमोर दिलेला जबाब मात्र कायद्याने पुरावा म्हणून वापरता येतो आणि म्हणूनच ईडीच्या केसमध्ये जबाबांचा ढीग असतो आणि नंतर तेच लोक म्हणतात की आम्ही दबावाखाली सही केली. कोण खरं हे आपल्याला घरी बसून नाही कळणार, पण त्या जबाबाला जोडून बँकेची एंट्री, फोनचा रेकॉर्ड, फाईलवरची सही असं काही आहे का हे आपण नक्की बघू शकतो.

माफीचा साक्षीदार असेल तर तिथे दुप्पट सावध व्हा. हा माणूस स्वतः गुन्ह्यात होता असं तोच सांगतोय आणि बदल्यात त्याला माफी मिळतेय, त्यामुळे त्याच्या बोलण्याला दुसरीकडून आधार मिळाल्याशिवाय कोर्ट सहसा त्याच्यावर शिक्षा देत नाही. राज्याचे माजी गृहमंत्री अनिल देशमुख यांची केस यासाठी नीट बघण्यासारखी आहे. मार्च २०२१ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तपदावरून नुकतेच हटवलेले परमबीर सिंग यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, त्यात देशमुखांनी पोलीस अधिकारी सचिन वाझेला महिन्याला १०० कोटी वसुलीचं टार्गेट दिल्याचा आरोप होता, सगळा महाराष्ट्र हादरला. पण पत्र नीट वाचलं तर सिंग स्वतः त्या बोलण्याला हजर नव्हते, त्यांना दुसऱ्यांनी सांगितलं होतं. नंतर याच आरोपांची चौकशी करणाऱ्या चांदीवाल आयोगापुढे सिंगांकडून सांगितलं गेलं की आणखी पुरावा द्यायला नाही. ईडीने बार मालकांकडून गोळा झाल्याचा जो आकडा मांडला तो ४ कोटी ७० लाखांचा. आणि डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयच्या केसमध्ये हायकोर्टाने जामीन देताना नोंदवलं की माफीचा साक्षीदार झालेल्या वाझेचा जबाब सोडला तर बाकीच्या कुणाच्या जबाबातून पैसे देशमुखांच्या सांगण्यावरून घेतले असं दिसत नाही. आता याचा अर्थ देशमुख निर्दोष ठरले असा होत नाही, जामिनाच्या ऑर्डरमधली मतं त्या टप्प्यापुरती असतात, आणि बार मालकांकडून पैसे घेतले गेले असतील तर ४ कोटी ७० लाख पण छोटी गोष्ट नाही. पण त्या वेळी केस कुठल्या एका माणसाच्या शब्दावर टेकलेली होती हे त्या एका ऑर्डरमधून समजतं, आणि वर्षभराच्या टीव्ही चर्चांमधून ते कुणाला समजलं नव्हतं.

डायरी, चिठ्ठ्या, कोडवर्ड हे आलं की जैन हवाला आठवायचं. १९९१ मध्ये जैन बंधूंवरच्या छाप्यात डायऱ्या सापडल्या, त्यात नेत्यांच्या नावांची आद्याक्षरं आणि पुढे आकडे, काँग्रेस भाजप सगळीकडचे लोक त्यात होते, अडवाणींनी तर १९९६ मध्ये खासदारकी सोडली. आणि १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुटे कागद म्हणजे हिशोबाची वही नव्हे, आणि वही असली तरी नुसत्या नोंदीवर कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, पैसे खरंच पोचले याचा वेगळा पुरावा पाहिजे. गंमत म्हणून नाही, मनापासून सांगतो, पुढचं नीट वाचा. २०१७ मध्ये सहारा आणि बिर्ला या उद्योगसमूहांवरच्या छाप्यात सापडलेल्या कागदांची चौकशी करा अशी मागणी आली तेव्हा कोर्टाने त्याच १९९८ च्या निकालाचा आधार घेऊन नकार दिला, आणि तेव्हा कागदात सत्तेतल्या लोकांची नावं असल्याचा आरोप होता. दोन्ही वेळा नियम एकच होता. पण १९९६ मध्ये 'नुसत्या आद्याक्षरांवरून बदनामी' म्हणणारे आणि २०१७ मध्ये 'नोंदी आहेत म्हणजे चौकशी झालीच पाहिजे' म्हणणारे यांच्या बाजू मोजून बघा, बहुतेकांनी नियमाकडे बघितलंच नाही, नावाकडे बघितलं.

ऑडिओ व्हिडिओ असेल तर आवाज नमुन्याची तपासणी झाली का आणि मूळ फोन किंवा कॅमेरा जप्त आहे का हे विचारा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट जोडलंय का ते पण. हे सर्टिफिकेट लागतंच असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये आपल्या जालन्याच्या केसमध्ये सांगितलं, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, उमेदवारी अर्ज वेळेत भरला का नाही हे निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. कोर्टाने हे पण सांगितलं की मागून मागून समोरचं ऑफिस सर्टिफिकेट देत नसेल तर कोर्टामार्फत मागवता येतं. म्हणजे क्लिप व्हायरल झाली म्हणून ती पुरावा होत नाही, आणि सर्टिफिकेट अजून नाही म्हणून ती खोटी पण होत नाही. टेप पक्की असेल तर काय होतं ते बंगारू लक्ष्मण यांच्या केसमध्ये दिसलं, २००१ ची टेप, भाजपचे अध्यक्ष १ लाख रुपये घेताना, आणि २०१२ मध्ये चार वर्षांची शिक्षा. लाचेच्या केसमध्ये मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हायला लागतात, नुसते पैसे टेबलाच्या ड्रॉवरमध्ये सापडले एवढ्यावर भागत नाही, हे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने परत स्पष्ट केलंय, आणि त्याच निकालात हे पण आहे की तक्रारदार वारला किंवा फितूर झाला तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर मागणी सिद्ध होऊ शकते. दोन्ही अर्धे लक्षात ठेवा.

आकड्यांबद्दल एक वेगळा परिच्छेद लागेल. घोटाळ्याचा आकडा आणि आरोपीने खाल्लेला आकडा या दोन गोष्टी आहेत. टूजी स्पेक्ट्रम म्हणजे मोबाईल लायसन्स वाटपाच्या प्रकरणात कॅगने, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या संस्थेने, २०१० मध्ये १ लाख ७६ हजार कोटींचं संभाव्य नुकसान सांगितलं, सीबीआयच्या चार्जशीटमध्ये नुकसान ३० हजार ९८४ कोटी झालं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये विशेष कोर्टाने माजी दूरसंचार मंत्री ए. राजा, खासदार कनिमोळी सगळ्यांना सोडलं, न्यायाधीशांनी लिहिलं की सात वर्षं मी कायद्यात बसणाऱ्या पुराव्याची वाट बघितली आणि तो आलाच नाही. पण याच प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये १२२ लायसन्स रद्द केली होती कारण वाटपच चुकीच्या पद्धतीने झालं होतं. मग घोटाळा होता का नव्हता? निर्णय बेकायदेशीर होता हे एका कोर्टाने सांगितलं, आणि अमुक माणसाने पैसे घेऊन तो केला हे दुसऱ्या कोर्टात सिद्ध झालं नाही, दोन्ही एकदम खरं असू शकतं, आणि निकालाविरुद्धचं अपील हायकोर्टाने दाखल पण करून घेतलंय. जो कुणी एकच अर्धं सांगेल त्याला दुसरं अर्धं विचारा. बेहिशोबी मालमत्तेच्या केसमध्ये तर बेरीज स्वतः करून बघा, जयललितांना २०१५ मध्ये हायकोर्टाने सोडलं तेव्हा उत्पन्नात धरलेल्या कर्जांची बेरीज १० कोटी ६७ लाखांऐवजी २४ कोटी १७ लाख धरली होती, आणि मालमत्ता उत्पन्नापेक्षा किती टक्के जास्त यावरच निकाल होता. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, तोपर्यंत जयललिता वारल्या होत्या.

जामीन मिळाला की लगेच 'सत्याचा विजय' म्हणू नका, आधी जामीन कशावर मिळालाय ते वाचा. मनी लाँडरिंगच्या कायद्यात जामिनासाठी कोर्टाला असं वाटावं लागतं की आरोपी दोषी नसावा असं मानायला जागा आहे, त्यामुळे तिथे गुणवत्तेवर जामीन मिळाला तर पुराव्याबद्दल खूप काही कळतं. हेमंत सोरेन यांना जून २०२४ मध्ये तसा मिळाला. संजय राऊतांच्या वेळी नोव्हेंबर २०२२ मध्ये विशेष कोर्टाने अटकच बेकायदेशीर म्हटली. पण मनीष सिसोदियांना ऑगस्ट २०२४ मध्ये जामीन मिळाला तो मुख्यतः खटला सुरूच होत नाही आणि माणूस १७ महिने आत आहे या मुद्द्यावर, त्यातून पुरावा कच्चा का पक्का काहीच कळत नाही. नवाब मलिकांना मिळाला तो तब्येतीवर. चार वेगळ्या गोष्टी, आणि बातमीचं हेडिंग चारही वेळा एकच.

आता हेतूकडे या, कारण तो पण तपासायचा असतोच, फक्त पुराव्यानंतर. त्याची सगळ्यात चांगली कसोटी म्हणजे सरकार बदललं तेव्हा केसचं काय झालं ते बघणं, आणि त्या बदलाला नवीन पुरावा होता का हे विचारणं. मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या प्रकरणात माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणांवर खटला चालवायला राज्यपालांनी २०१३ मध्ये परवानगी नाकारली, केंद्रात आणि राज्यात सरकार बदललं, २०१६ मध्ये दुसऱ्या राज्यपालांनी परवानगी दिली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली कारण मधल्या काळात कोर्टात टिकेल असा नवीन पुरावा आलेला नव्हता. उलट दिशेने पण होतं. शिखर बँकेच्या, म्हणजे राज्य सहकारी बँकेच्या प्रकरणात, ज्यात अजित पवारांसकट बरेच संचालक होते, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०२० मध्ये केस बंद करायचा रिपोर्ट दिला, २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर पुढे तपास करायचाय म्हणून सांगितलं, आणि जुलै २०२३ मध्ये अजितदादा सत्तेत गेल्यावर २०२४ च्या जानेवारीत परत बंद करायचा रिपोर्ट. मी असं म्हणत नाही की यातला अमुक रिपोर्ट खोटा, मी म्हणतो की प्रत्येक वळणावर विचारा, मधे काय सापडलं? कागद बदलला का फक्त खुर्ची?

इथे आपल्याकडची समरीची, म्हणजे पोलिसांच्या केस बंद करायच्या रिपोर्टची, भानगड पण समजून घ्या. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, बी म्हणजे तक्रारच खोटी, सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचं प्रकरण. नेत्याच्या केसमध्ये सी समरी आली की समर्थक तिला क्लीन चिट म्हणतात. पोलिसांचा रिपोर्ट कोर्टावर बंधनकारक नाही, तक्रारदार त्याला विरोध करू शकतो, कोर्ट तो नाकारून पुढे तपास लावू शकतं. कोर्टाने स्वीकारला का एवढंच विचारा. आणि सरकारने केस मागे घेतली असं ऐकलं तर लक्षात ठेवा की ऑगस्ट २०२१ पासून आमदार खासदारांवरची केस हायकोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, त्यामुळे ती परवानगीची ऑर्डर शोधायची.

एक आकडा सगळीकडे फिरतो म्हणून त्याबद्दल. मार्च २०२५ मध्ये सरकारनेच राज्यसभेत सांगितलं की दहा वर्षांत ईडीने आजी माजी आमदार, खासदार आणि नेत्यांवर १९३ केसेस केल्या आणि शिक्षा २ मध्ये झाली. आकडा खरा आहे आणि काळजी करण्यासारखाच आहे, कारण माणूस आत जातोय आणि निकाल लागतच नाहीये. पण याचा अर्थ १९१ खोट्या निघाल्या असा कुणी लावला तर ते चूक, त्यातल्या किती चालू आहेत ते आधी विचारायला लागतं, आणि उलट 'अजून चालू आहेत म्हणजे दोषीच असतील' हे पण तेवढंच चूक.

शेवटची एक पायरी जी मी प्रत्येक वेळी करतो आणि जी सगळ्यात जड जाते. कोऱ्या कागदावर ज्या ओळी लिहिल्या होत्या त्यातलं नेत्याचं नाव खोडा आणि तिथे दुसऱ्या पक्षाच्या, तुम्हाला जो अजिबात आवडत नाही त्याचं नाव लिहा. तेच जबाब, तेवढीच बँक एंट्री, तोच माफीचा साक्षीदार. आता पण तुमचं मत तेच आहे का? बदललं असेल तर तुम्ही पुरावा नाही वाचला, पक्ष वाचला, परत पहिल्या ओळीपासून सुरू करा. घरात किंवा ग्रुपवर कुणाशी वाद चालू असेल तर दोघांनी मिळून हे करा, मी काकांबरोबर केलंय, आम्ही दोन टोकाचे आहोत, पण कुठला पुरावा पक्का आणि कुठला ऐकीव यावर दोघांचं एकमत झालं, पक्षावरून भांडण राहिलं ते राहिलं.

आणि केस सोडून देऊ नका. ई कोर्ट्सच्या ॲपमध्ये केसचा सीएनआर नंबर टाकून ठेवा, १६ अक्षरांचा असतो, बऱ्याचदा ऑर्डरच्या वरच्या भागात मिळतो. पुढची तारीख, कुठला साक्षीदार तपासला, कुणी तारीख वाढवून मागितली हे बऱ्याचदा त्यात येतं. तारीख कोण वाढवून मागतंय तेवढं लिहून ठेवत जा, सरकारी वकील का आरोपी, वर्षभरानंतर ती यादी वाचली की खटला कुणाला लवकर नकोय ते कुणाला विचारायला लागत नाही.